पहिला घास जिभलीचा

शहरात पोचल्या पोचल्या, सूपवाल्याच्या टपरीवर जिभलीने पहिला चमचा तोंडात घातला आणि तिला कळून चुकलं, की आपण संपलो.

तोंडात काहीतरी गरम होतं. ओलं होतं. मीठ होतं, तेही लांबून कोणीतरी हात हलवून दाखवावा इतपतच. बाकी काही नाही. कांदा नाही, मिरी नाही, लोणी नाही. पुठ्ठा उकळून वाढला असता तरी तिने तो असाच गिळला असता.

"बोल की गं," मॅनेजर म्हणाली. "इथे आतडी गळ्यात आलीयेत आमची."

मॅनेजर आणि फुगी, वर्गातल्या तिच्या दोघी मैत्रिणी, हातात चमचे धरून जिभलीच्या तोंडाकडे टक लावून बसल्या होत्या. निकालाच्या दिवशी फळ्याकडे बघतात ना, तशा.

जिभलीने डोळे मिटले, मान डोलावली आणि म्हणाली, "वा! एकदम ताजं. दाणे नाहीत. खा."

त्यातला 'वा' खोटा होता, 'ताजं' खोटं होतं, आणि 'दाणे नाहीत' हे तर अंधारात मारलेला दगड.

आता ही दाण्यांची भानगड काय, ते सांगायलाच हवं. फुगीला शेंगदाणे चालत नाहीत. चालत नाहीत म्हणजे आवडत नाहीत असं नव्हे. कणभर दाण्याचं कूट पोटात गेलं तरी तिचे ओठ सुजतात, डोळे मिटतात आणि श्वास शिट्टी वाजवायला लागतो. तिचं नाव फुगी पडलं ते यावरून, आणि पाडलं ते वर्गातल्या मुलांनी, म्हणजे त्या नावात माया किती असेल ते ओळखा. तिच्या कमरेच्या पिशवीत कायम एक इंजेक्शन असतं.

आणि जिभली? ती सातवीत या शाळेत आली तेव्हा तिला नावच नव्हतं. म्हणजे हजेरीत होतं, पण ते सरांशिवाय कोणी घ्यायचं नाही. शेवटच्या बाकावर, खिडकीच्या बाजूला, डब्यात डोकं घालून बसायची. मग एका वाढदिवसाला सगळ्या वर्गाला बोलावणं होतं, म्हणून हिलाही होतं. केक कापला. वाढदिवसवालीच्या आईने शपथेवर सांगितलं, "दाणे? छे गं बाई, नावालाही नाहीत." फुगीने घास घेतला, आणि त्याच वेळी कोपऱ्यातून ही म्हणाली, "यात दाणे आहेत." कोणी ऐकलं नाही. पुढच्या पाच मिनिटांत फुगीचा भोपळा झाला, सगळ्यांची पळापळ झाली, आणि संध्याकाळी दवाखान्यात वाढदिवसवालीच्या आईला आठवलं, की केकच्या तळाला लावलेलं ते सारण विकतचं होतं.

दुसऱ्या दिवशी फुगी आपलं दप्तर उचलून शेवटच्या बाकावर येऊन बसली. पाठोपाठ मॅनेजर आली, कारण फुगी जाईल तिथे मॅनेजर जाते. डबा उघडला तसा फुगीने स्वतःचा पुढे केला आणि म्हणाली, "आधी तू."

तेव्हापासून हा रिवाज. कुठेही, काहीही खायचं असलं, की पहिला घास जिभलीचा. ती चाखणार, सांगणार, मग बाकीच्या जेवणार. ना विचारणं, ना पाकिटावरचं वाचणं. ज्याच्या घरी विहीर तो नळाला कशाला विचारेल! जिभली हळूहळू नुसतं 'दाणे नाहीत' एवढ्यावर थांबेना. लसूण कच्चा राहिलाय, तेल काल परवाचं आहे, बाईंच्या डब्यातली भाजी आज बाईंनी केलेली नाही, असं काय काय सांगायला लागली. पोरी लांबून डबे घेऊन यायला लागल्या. मान वर झाली, आवाज मोठा झाला, स्नेहसंमेलनात तिने निवेदन केलं! आणि हे सगळं उभं होतं ते एका जिभेवर. जिभलीला हे पक्कं माहीत होतं. रात्री झोपताना कधी कधी तिच्या मनात यायचं, ही जीभ नसती तर आपण अजून खिडकीशी डब्यात डोकं घालून बसलो असतो.

या प्रवासाला फुगीच्या आईने, म्हणजे काकूंनी, महिनाभर नाही म्हटलं होतं. परक्या शहरात चार दिवस, आणि तेही खात फिरायचं? शेवटी त्या जिभलीचा हात हातात घेऊन म्हणाल्या होत्या, "तू आहेस म्हणून सोडते हो. नाहीतर उंबरा ओलांडू दिला नसता."

आणि रात्रीच्या बसमध्ये जिभलीने हट्टाने खिडकीची जागा घेतली. नेमकं तिच्याच डोक्यावर थंड वाऱ्याचं भोक होतं, आणि त्याची झडप तुटलेली. सकाळी उतरली ती नाकात कापूस कोंबल्यासारखं घेऊनच. शिंका नाहीत, पाणी नाही, ताप नाही. नुसतं घट्ट. दाराला आतून कडी.

"मला जरा करपल्यासारखं लागतंय," दोन चमचे सूप झाल्यावर मॅनेजर हळूच म्हणाली.

"इथे असंच करत असतील," फुगी म्हणाली. "जिभली वा म्हणाली ना?"

"हो, म्हणजे तसं चांगलंच आहे." आणि मॅनेजरने नाक न मुरडता वाटी रिकामी केली.

जिभलीने टपरीच्या पातेल्यात डोकावून पाहिलं. तळाला काळी खरपुडी धरली होती. आपल्या एका शब्दावर या दोघी करपलेलं सूप गोड मानून प्यायल्या. म्हणजे आपण म्हटलं, तर या काहीही खातील. हा विचार आला आणि तिने पातेल्यावरून नजर काढून घेतली.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे काय? सांगितलं की काकूंना फोन, आणि काकूंना फोन म्हणजे संध्याकाळची परतीची बस. फुगीने महिनाभर रडून मिळवलेले चार दिवस एका चोंदलेल्या नाकापायी पाण्यात. आणि मग? बिनजिभेच्या जिभलीला कोण विचारतो? उद्या उतरेल सर्दी, असं तिने स्वतःला बजावलं.

आत्याचं घर आठव्या मजल्यावर होतं. आत्या मॅनेजरची, पण पहिल्या दिवसापासून तिघींची झाली. ती घरी पडदे शिवायची. हॉटेलांचे, कचेऱ्यांचे, नाटकाच्या थिएटरांचेसुद्धा. त्यामुळे त्या दोन खोल्यांत माणसांपेक्षा कापड जास्त होतं. दारातून आत जायचं तर दोन्ही बाजूंना कापडाचे तागे उभे, मधून तिरकं होऊन सरकायचं. झोपायला तिघींना जागा मिळाली ती एका प्रचंड मखमली पडद्याच्या घडीवर. रात्री जिभलीला तोंडाने श्वास घ्यावा लागे. भिंतीला पडदे, छताला पडदे, वास मात्र कशालाच नाही. आपल्याला कोणीतरी गुंडाळून तागा करून ठेवलंय, असं तिला वाटत राही.

सकाळी ती न्हाणीघरात गरम पाण्याचा नळ सोडून बादलीवर वाकून बसली, डोक्यावर टॉवेल घेऊन. वाफ घेतली, पुन्हा घेतली, रडू आलं म्हणून तेही उरकून घेतलं.

"अगं, आंघोळ करतेस की पोहायला शिकतेस?" आत्याने दार वाजवलं. "टाकी आख्ख्या इमारतीची आहे!"

नाकाची कडी काही निघाली नाही.

मग तिने एक युक्ती काढली. तिला वाटलं फार हुशारीची. ज्यात दाणे असणं शक्यच नाही ते दोघींना द्यायचं: उकडलेली अंडी, कापलेलं कलिंगड, साधा पाव. आणि ज्याची खात्री नाही, ते स्वतः खाऊन टाकायचं. सगळंच्या सगळं.

तळलेल्या माशांच्या दुकानात तिने पहिला तुकडा चाखला, दुसरा चाखला, आणि तिसरा उचलत म्हणाली, "हे मला एकटीला हवं."

"म्हणजे?" मॅनेजर म्हणाली.

"म्हणजे इतकं मस्त आहे, की वाटून नाही खाणार."

पहिल्यांदा दोघी हसल्या. केकच्या दुकानात तिने तिन्ही तुकडे एकामागून एक संपवले, तेव्हा हसणं जरा कमी झालं. नूडल्सच्या गाडीवर तिने वाडगा छातीशी धरून पाठ फिरवली, तेव्हा फुगीने नुसतं बघितलं.

"तुझ्या पोटात काय राक्षस शिरलाय का?" मॅनेजर म्हणाली. "आम्ही काय इथे कलिंगड खायला आलोय? ते घरी माझे बाबा खातात, डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून!"

जिभलीने वर न बघता नूडल्स गिळल्या. दोऱ्याची गुंडी उलगडून खावी तशा त्या घशाखाली जात होत्या. सगळं शहर तिच्या तोंडातून चाललं होतं आणि तिला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. शिजणाऱ्या अन्नाच्या वासांनी माणसं खेचून घेणाऱ्या त्या गल्ल्या! कढईत काहीतरी पडलं की दोघी एकदम "आहाहा" करत, आणि ही अर्धा क्षण उशिरा, त्यांचं बघून "आहाहा" करी. पोट टम्म, स्कर्टचा हूक सुटलेला, आणि पुढचं दुकान दिसलं की ती मुद्दाम मागे रेंगाळे.

संध्याकाळी काकूंचा व्हिडिओ कॉल आला.

"जिभली कुठाय? दे तिला. काय गं, चाखतेस ना नीट?"

"हो काकू."

"आवाज असा का येतोय तुझा? डब्यात बसल्यासारखा?"

"नेटवर्क, काकू!"

"बरं बरं. तू आहेस म्हणून मी निर्धास्त झोपते बघ."

काकू निर्धास्त झोपल्या. जिभली मखमलीवर डोळे उघडे ठेवून पडली. शेजारी फुगी आणि मॅनेजर एकमेकींकडे तोंड करून कुजबुजत होत्या, आणि कुजबुज तिच्या बाजूला वळत नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्या एका जुन्या खाणावळीत गेल्या. तिथला लाल रस्सा म्हणे शहरभर गाजलेला. मॅनेजरने घरून निघण्याआधीच ती जागा हेरली होती आणि अख्ख्या प्रवासाचा मुकुट म्हणून राखून ठेवली होती. आत ही गर्दी. टेबलं जमिनीत पक्की केलेली, बाकं भिंतीत. जिभली पुढे होती म्हणून तिला सगळ्यात आत सरकावं लागलं. डावीकडे भिंत, मागे भिंत, पुढे टेबलाची कड थेट फुगलेल्या पोटात, आणि उजवीकडे मॅनेजर. फुगी समोर. आता उठायचं तर मॅनेजरला उठवावं लागणार, आणि मॅनेजर उठायच्या बेतात अजिबात नव्हती.

वाढणाऱ्या ताईने मध्ये रस्सा आणून ठेवला. वाडगा नव्हे, पातेलंच. तिघींत एक. वर तर्री, खाली दाट, त्यात बटाटे नि मांसाचे तुकडे, आणि बाजूला पावांची चळत.

जिभलीने पातेल्याकडे पाहिलं. हे संपवणं माणसाच्या हातात नव्हतं. सकाळपासून पोटात दोन न्याहाऱ्या होत्या.

तिने चमचा घेतला. जिभेवर धरला. तिखट झोंबलं, मीठ कळलं. बाकी तोच पुठ्ठा. पण काहीतरी बारीक, रवाळ टाळूला लागलं. दाणा? वाटलेला नारळ? तीळ? जिभेने ते दातांवर फिरवून पाहिलं. पूर्वी हे विचारायची वेळ येत नसे, उत्तर आधी यायचं. आता ती दाराबाहेर उभी राहून हाका मारत होती आणि आत कोणी नव्हतं.

"हे..." तिने दुसरा चमचा भरला. "हे पण..."

"मला एकटीला हवं," मॅनेजरने तिच्या आवाजात म्हणून दाखवलं. "पुरे! ठेव तो चमचा. आम्ही काल रात्री ठरवलंय."

"काय ठरवलंय?"

"तुझा पहिला घास बंद," मॅनेजर म्हणाली. "डोक्यात हवा गेलीये तुझ्या. चाखायला दिलं तर तू ताटच पळवायला लागलीस. आज पहिला घास फुगीचा. तू आत्ता चमचाभर चाखलंस ना? दाणे असते तर बोलली असतीस."

"अगं पण—"

"पण बिण काही नाही."

फुगीने पाव मोडला, रस्स्यात चांगला बुडवला आणि जिभलीच्या डोळ्यांत बघत हात उचलला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तेच वाईट होतं. हक्काचा घास घेताना माणूस दिसतो तशी ती दिसत होती.

उठायला जागा नव्हती. थुंकायला, पळायला, बेशुद्ध पडायलासुद्धा नव्हती! जिभली टेबलावरून आडवी झाली आणि तिने फुगीच्या मनगटावर फटका मारला. पाव उडाला. मॅनेजरच्या पांढऱ्या कुर्त्यावर लाल नकाशा उमटला. शेजारच्या टेबलावरची माणसं जेवायची थांबली.

"वेड लागलंय का तुला?" मॅनेजर किंचाळली.

"मला चव येत नाही!" जिभली म्हणाली. "आल्यापासून येत नाही. नाक बंद आहे. सूपाची नाही, माशांची नाही, कशाचीच नाही. मला माहीत नाही यात काय आहे. कशातच काय होतं ते मला माहीत नव्हतं. म्हणून मीच खाल्लं सगळं."

बोलताना तिच्या नाकातून शेवटी पाणी आलं. दोन दिवस वाफ घेऊन जे झालं नाही, ते आता झालं.

फुगीने मनगट चोळलं. मग खाणावळभर फिरणाऱ्या ताईला हाक मारली. विचारायची सवय मोडलेली, पण मारली.

"ताई, या रस्स्यात दाणे आहेत का?"

"मग, दाटपणा काय हवेने येतो?" ताई म्हणाली. "भाजलेले दाणे वाटून घालतो आम्ही. तोच तर नाद आहे लोकांना. ते काय, लिहिलंय की."

आणि तिने जिभलीच्या डोक्यामागे बोट दाखवलं. भिंतीवर, जिभलीच्या वेणीच्या बरोब्बर वर, हातभर लांब पाटी होती. दाणे, लाल मिरची, लसूण. हातभर लांब! समोर बसलेल्या फुगीच्या नाकासमोर. पण तिघींपैकी एकीनेही तीन वर्षांत कुठली पाटी वाचायची तसदी घेतली नव्हती. घरात विहीर होती ना.

फुगी ती पाटी वाचत राहिली. तिचे ओठ हलत होते. मग ती उठली, कमरेची पिशवी चाचपली आणि बाहेर निघून गेली.

जिभलीला मागे जायचं होतं, पण मॅनेजर हलेना. ती कुर्त्याकडे बघत बसली होती.

"सरक ना," जिभली म्हणाली.

"सूप करपलेलं होतं," मॅनेजर म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "मी म्हटलं होतं, करपलंय. आणि आत्ता मीच तिला म्हटलं, तू खा. मी म्हटलं गं."

"हो."

"आईशप्पथ." आणि ती इतक्या हळू सरकली, जसं काही बाक तिला सोडायला तयार नव्हतं.

फुगी लांब गेली नव्हती. रस्त्याच्या कोपऱ्यावर एक आजोबा निखाऱ्यांवर रताळी भाजत होते, त्यांच्या पुढ्यात उभी होती. या दोघी पोचल्या तेव्हा तिची उलटतपासणी चालू होती.

"नुसती रताळी? वरून काय लावता?"

"मीठ. लिंबू."

"तेल?"

"निखाऱ्याला कसलं तेल, पोरी?"

"याच जाळीवर शेंगा भाजता का कधी?"

"शेंगा त्या पलीकडचा भाजतो. माझं त्याचं जमत नाही."

"हाताने दाखवा बरं, मीठ कुठलं ते."

आजोबांनी मिठाची वाटी तिच्या नाकाखाली धरली. फुगीने एक रताळं घेतलं. सोललं. फुंकर घातली. मग थांबली. जिभलीकडे बघायची सवय होती ना. मान अर्धी वळलीसुद्धा. पण तिने ती परत सरळ केली आणि स्वतःच घास घेतला.

दोघी बघत राहिल्या. चावलं, गिळलं. वाट पाहिली. मॅनेजर तर तिचे ओठ मोजत असावी, इतकी जवळ सरकली होती.

"लांब हो गं, काही होत नाहीये," फुगी म्हणाली. मग जिभलीकडे वळली. "तीन वर्षं मी तुझं उष्टं खाल्लं. मला एकदा तरी सांगायचंस ना, की नाही येत आज चव. मी विचारलं असतं. मला तोंड आहे."

"मला वाटलं, मग तुम्ही..." जिभली म्हणाली. शेवटचा बाक, खिडकी, डब्यात घातलेलं डोकं, हे सगळं एका वाक्यात मावत नव्हतं.

"मी आज खूप चिडलेय," फुगी म्हणाली. "उद्यापण असेन. आईला रात्री मी सांगणार आहे, सगळं. तू मध्ये 'नेटवर्क' करायचं नाहीस."

"परत बोलावतील."

"बोलावू देत. मी भांडेन."

पुन्हा एक घास घेतला तिने. चावताना कपाळाला आठ्या घालून, जिभली घालायची तशा, ती म्हणाली, "गरम आहे. आधी गोड लागतं. मग लिंबू. मग मागून थोडं करपलेलं. पण हे करपलेलं चांगलं आहे, परवाच्या सूपासारखं नाही."

"तुला कळलं होतं?"

"सगळ्या रस्त्याला कळलं होतं."

तिने रताळ्याचा उरलेला तुकडा जिभलीपुढे धरला.

"उष्टं आहे," ती म्हणाली.

जिभलीच्या पोटात तिळाएवढी जागा नव्हती. तिने तो घेतला, तोंडात घातला आणि चावत राहिली. मऊ लागलं. गरम लागलं. मीठ कुठूनतरी लांबून आलं. बाकी काय काय होतं त्यात, ते फुगीने सांगितलंच होतं.